गर्दी करायला या

सहा वर्षं मी नाशकातल्या एका मॉलमध्ये उभी होते. नोकरी करत होते म्हटलं तरी चालेल, पण माझ्या गुडघ्यांना विचाराल तर ते ‘उभी होते’ असंच सांगतील. पहिल्या मजल्यावर बायकांच्या कपड्यांचं मोठं दुकान होतं, त्यात मी सेल्सला होते. दुकानात बसायला जागा नव्हती असं नाही. ट्रायल रूमच्या बाहेर मऊ गाद्यांचे दोन कोच होते. ते बायकांच्या कंटाळलेल्या नवऱ्यांसाठी होते. आम्ही बसलेलं दिसलं की दुकानाची शोभा जाते, असा नियम होता. दुपारी दोनला, दुकानात चिटपाखरू नसताना, आम्ही चौघी रिकाम्या कोचाकडे बघत उभ्या राहायचो.

मी लागले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, मुलगी हॉस्टेलला होती, आणि हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर. जेलरोडच्या फ्लॅटमध्ये मी एकटी भिंती पुसत बसायचे. म्हणून गेले. मुलाखत घेणारा मॅनेजर तिशीचा होता. “आपण कपडे विकत नाही, आपण अनुभव विकतो,” असं त्यानं मला सांगितलं. मी मान डोलावली. मला वाटलं, पहिल्या दिवशी सगळेच असं काहीतरी बोलतात, नंतर कामाचं बोलतील. सहा वर्षांत तो कामाचं फारसं बोललाच नाही.

पहिली दोन-तीन वर्षं गर्दी असायची, हे खरं. पण ती कसली गर्दी होती ते मी जवळून पाहिलंय. मे महिन्यात लोक गारव्याला यायचे. अख्खं कुटुंब यायचं, तीन तास फिरायचं, आमच्या दुकानात येऊन प्रत्येक ड्रेसची बाही चिमटीत धरून बघायचं आणि खाली जाऊन मक्याचे दाणे खाऊन घरी जायचं. दारात उभं राहून “वेलकम मॅम” म्हणायचं काम आळीपाळीनं असे. शंभर वेळा म्हटलं तर दोघी-तिघी वळून बघायच्या. बाकीच्यांना वाटायचं, आवाज दाराचाच आहे.

याचा अर्थ मला मेन रोडवरच्या जुन्या दुकानांचं कौतुक आहे असा कुणी घेऊ नये. तिथला गादीवर बसलेला माणूस “ताई, रंगाची जबाबदारी माझी” म्हणून छातीवर हात ठेवायचा. पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी गुलाबी व्हायचं. साडी घेऊन परत गेलं की तोच माणूस विचारायचा, “पाणी कुठलं वापरता तुम्ही?” तो निदान बसून खोटं बोलायचा आणि आपल्यालाही बसायला सांगायचा, एवढाच काय तो फरक.

मॉल पडायला लागला तो वरून नाही, खालून. आधी तळघरातलं किराण्याचं मोठं दुकान गेलं. मग खाण्याच्या मजल्यावरचे ठेले एकेक करून गेले आणि शेवटी डोसेवाला तेवढा उरला. मग सिनेमाचा पडदा बंद झाला. प्रत्येक बंद शटरवर मॉलवाले एक मोठा रंगीत कागद चिकटवायचे. त्यावर हसणारी गोरी बाई आणि खाली ‘लवकरच येत आहोत’. माझ्या शेवटच्या वर्षात आमच्या मजल्यावर अकरा दुकानं लवकरच येणार होती. मधल्या मोकळ्या जागेत वर काचेचं छत होतं, त्यातून कबुतरं आत शिरली आणि कायमची राहिली. पावसाळ्यात खाली लाल बादल्या ठेवायचे. सरकता जिना बंद पडला तेव्हा त्याला दोरी बांधली. नंतर दोरी काढली, कारण लोक ती ओलांडून साध्या जिन्यासारखे चढायला लागले. एसी दुपारनंतर लावायचे, तेही मॉलचे मोठे साहेब आले तर.

गिऱ्हाईक मात्र संपूर्ण गेलं नव्हतं. त्याची जात बदलली होती. आता यायच्या त्या मापं घ्यायला.

आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. एका मंगळवारी त्या दुकानात आल्या. मला गणवेशात त्यांनी ओळखलंच नाही, “एक्स्क्यूज मी” म्हणाल्या. मग ओळखलं. “अगंबाई, वहिनी तुम्ही! बरं झालं, आता निवांत बघते.” आणि खरोखरच निवांत बघितलं. दीड तासात त्यांनी अकरा कुर्ते घालून पाहिले. मी मीडियम आणला की त्यांना लार्ज हवा, लार्ज आणला की दुसरा रंग. मी आत-बाहेर करत होते आणि पडद्याआडून फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज येत होता. एकदा पडदा अर्धवट राहिला तेव्हा दिसलं. त्या आरशाचा फोटो काढत नव्हत्या, कुर्त्याच्या चिठ्ठीचा काढत होत्या. कंपनी, नंबर, साइज. शेवटी सगळे माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “घरी विचार करते हं.”

चौथ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. पार्सलवाल्यानं बेल वाजवली. खालच्या मॅडम कॉलेजात आहेत, त्यांनी तुमच्याकडे द्यायला सांगितलंय, म्हणाला. मी तीन पार्सलं घेतली. संध्याकाळी त्या न्यायला आल्या आणि माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच कात्रीनं एक फोडलं. निळा कुर्ता. सातव्या नंबरला घालून पाहिलेला.

“बघा, तुमच्याकडचाच! तुमच्यामुळे साइज अगदी बरोबर कळला, वहिनी. थँक्यू हं. बाकीचे दोन परत पाठवणार आहे, नुसते बघायला मागवलेत.”

त्यांच्या तोंडावर खोटेपणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. त्यांना खरंच वाटत होतं की मी त्यांना मदत केली. मी काय केलं? मी चहा टाकला. त्या बाईची कीव करावी की माझी, हे ठरवेपर्यंत चहाला उकळी आली आणि मी त्यात आलंही घातलं.

पुढच्या उन्हाळ्यात मॉलच्या मोठ्या साहेबांनी सगळ्या दुकानांच्या माणसांची मीटिंग बोलावली. हे साहेब म्हणजे अख्ख्या इमारतीचे व्यवस्थापक. कमरेला वॉकीटॉकी लावून फिरायचे. पलीकडून बोलायला एकच वॉचमन उरला होता आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या शेजारीच उभा असायचा. मीटिंग खाण्याच्या मजल्यावर झाली. खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवल्या होत्या, त्यामुळे सवयीप्रमाणे आम्ही उभेच.

“शनिवारी मुंबईहून पाहुणे येतायत,” साहेब म्हणाले. “मोठी पार्टी आहे. मॉल घ्यायचा विचार आहे त्यांचा. त्यांना इथं फुटफॉल दिसला पाहिजे. फुटफॉल म्हणजे किती पावलं आत येतात ते. प्रत्येकानं घरची कमीत कमी पाच माणसं आणायची. अकरा ते दोन. चांगले कपडे घालून. सणासारखं वातावरण ठेवू.”

मग त्यांनी सांगितलं की दारात पिशव्या मिळतील. बंद पडलेल्या दुकानांच्या कागदी पिशव्या गोदामात पडून होत्या, चकचकीत, दोरीच्या कानांच्या. त्या फुगलेल्या दिसाव्यात म्हणून आत वर्तमानपत्रं कोंबणार होते.

आमच्यातली एक म्हणाली, “सर, आणि पाहुण्यांनी कुणाला काही विचारलं तर?”

“ते कुणाला काही विचारत नसतात,” साहेब म्हणाले. “असे लोक वरच्या मजल्यावरून बघतात.”

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा हे जेवता जेवता थांबले. “म्हणजे नाटकात जमाव असतो तसं?” म्हणाले. आणि मग, “मी नाही येणार. मी तीस वर्षं कोळशात काढली, पण मला कुणी रद्दीची पिशवी धरून हिंडायला लावलं नाही.” मला राग आला, कारण बरोबर बोलले.

पण मला पाच माणसं हवी होती. सोसायटीत विचारायची लाज वाटली. खालच्या मॅडम आनंदानं आल्या असत्या, म्हणून तर मुळीच विचारलं नाही. शेवटी मी माझ्या मोठ्या जाऊबाईंना फोन केला. त्या निफाडच्या बाजूला गावी असतात. द्राक्षांची बाग आहे, माणसं भरपूर, घरात जीप आहे. त्यांच्या मुलीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. हे मला माहीत होतं आणि मी त्याचाच उपयोग केला.

“ताई, शनिवारी आमच्याकडे सेल आहे,” मी म्हणाले. “साखरपुड्याची खरेदी इथंच करा. सगळ्यांना घेऊन या.”

“सेल हाय? मग येतो की. लय बरं झालं तू फोन केलास, मी मेन रोडलाच जाणार होते.”

फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं की यात तसं काही खोटं नाही, सेल तर वर्षभर लावलेलाच असतो. साहेबांच्या पिशवीत निदान कागद तरी होते. माझ्या शब्दात तेवढंही नव्हतं.

शनिवारी मी दहालाच पोचले. सरकता जिना चालू होता. एसी चालू होता. कबुतरं हाकलायला वॉचमन लांब काठी घेऊन फिरत होता. आणि आमच्या दुकानात मॅनेजर संगणकापुढे हात बांधून उभा होता.

“आज बिलिंग होणार नाही,” तो म्हणाला. “कंपनीनं कालपासून स्टॉक लॉक केलाय. सगळा माल परत जाणार आहे. जे टांगलंय ते फक्त दाखवायला.”

“आणि कुणी घ्यायचं म्हटलं तर?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “कोण घेणार आहे?” म्हणाला.

साडेअकराला जाऊबाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी, दोन नणंदा, एक मावशी, शेजारच्या दोघी आणि जीप चालवणारा त्यांचा दीर, म्हणजे माझाही. सगळ्या काठाच्या साड्या नेसून, ठेवणीतले दागिने घालून आलेल्या. दारात वॉचमननं प्रत्येकीच्या हातात एक पिशवी दिली. त्यांना वाटलं, सेलची भेट असेल.

जाऊबाई सरकत्या जिन्यावरून ताठ उभ्या राहून वर आल्या. मी हात धरायला पुढे झाले तर म्हणाल्या, “सोड गं. दुबईला याच्या तिप्पट मोठा पाहिलाय मी.” दोन वर्षांपूर्वी द्राक्षाच्या मोसमानंतर मुलानं त्यांना दुबई दाखवून आणली होती, हे मी विसरले होते. खेड्यातली बाई म्हणजे जिन्याला बिचकणार, हे सहा वर्षांत माझ्याही डोक्यात शिरलं होतं.

मॉल भरला होता. डोसेवाल्याचे नातेवाईक, वॉचमनची बायको-मुलं, बुटांच्या दुकानातल्या माणसानं आणलेली त्याची अख्खी भिशी. सगळे पिशव्या घेऊन गोल गोल फिरत होते. समोरासमोर आले की एकमेकांच्या पिशव्यांकडे बघून नजर चुकवत होते. शटरांवरच्या अकरा गोऱ्या बाया त्यांच्याकडे बघून हसत होत्या. गेल्या तीन-चार वर्षांत मॉलला एवढी गर्दी मी पाहिली नव्हती, आणि त्यातल्या एकाही माणसाला काही घ्यायचं नव्हतं. माझ्या माणसांखेरीज.

जाऊबाईंनी एक मोरपिशी अनारकली निवडला. मावशींना तीन कुर्ते आवडले. त्यांनी ते काउंटरवर नेऊन ठेवले.

“मॅम, आज फक्त बघा,” मॅनेजर म्हणाला.

“बघितलं की. हेच पायजे.”

“आज सेल बंद आहे मॅम. सिस्टीम बंद आहे. तुम्ही प्लीज बाहेर जरा फिरा ना. पाहुणे येतीलच.”

“फिरू? कुठं फिरू?”

तो गोल हात फिरवून म्हणाला, “इथंच. असंच.”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून एका हँगरचा हूक सरळ करायला लागले. तो सरळच होता.

तेवढ्यात पाहुणे आले. चौघे पुरुष आणि एक बाई. पुरुष, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभे राहिले. बाई मात्र खाली आली. पन्नाशीची असेल, सुती साडी आणि पायात धावायचे बूट. एकटीच दुकानं बघत बघत आमच्या दारापर्यंत आली. साहेब धापा टाकत मागे. दारात जाऊबाई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या बाईनं साध्या मराठीत विचारलं, “काय घेतलंत?”

जाऊबाईंनी तोपर्यंत पिशवीत पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. हात घालून एक कागद वर काढला, उलगडला, परत ठेवला.

“पेपर हायेत,” त्या म्हणाल्या. “दारात दिले.”

“आणि खरेदी?”

“खरेदीलाच आलो होतो. पोरीचा साखरपुडा हाय. पण म्हणत्यात, आज विकायचं नाय, नुसतं फिरायचं.”

त्या म्हणाल्या ते तक्रारीच्या सुरात नाही, कुणी रस्ता विचारल्यावर सांगावा तसं. पाहुण्या बाईनं त्यांच्याकडे, मग पिशवीकडे, मग माझ्या गणवेशावरच्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं. साहेब “ॲक्च्युअली मॅम, सिस्टीम अपडेट...” असं काहीतरी म्हणत होते. बाई जाऊबाईंना “मुलीला शुभेच्छा” म्हणाली आणि जिन्याकडे गेली. साहेबांचा वॉकीटॉकी तेवढ्यात खरखरला आणि वॉचमनचा आवाज आला, “सर, आता गर्दी सोडू का?”

खाली पार्किंगमध्ये जाऊबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. बाकीच्या जीपमध्ये बसल्या होत्या.

“तुला गर्दी पायजे होती,” त्या म्हणाल्या. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

“ताई, नोकरीचा प्रश्न होता.”

“मग तसं सांगायचं. गर्दी करायला या म्हणली असतीस, तरी आले असते मी. वीस माणसं आणली असती गावातून. आपल्या घरच्या बाईची नोकरी हाय म्हणल्यावर नाय म्हणले असते का? पण सेल हाय म्हणालीस. चार बायांना मी सांगून आणलं, माझी जाऊ मॉलात हाय, ती चांगलं काढून ठेवील. आता त्यांना काय सांगू?”

त्या मॅनेजरला, साहेबांना, खालच्या मॅडमना, मक्याचे दाणे खाणाऱ्या सगळ्या कुटुंबांना मी सहा वर्षं मनातल्या मनात तुच्छ मानत आले होते. जाऊबाई मला तोंडावर तुच्छ मानत होत्या, आणि त्यांचा हक्क होता.

मी वर गेले, पट्टी काढून काउंटरवर ठेवली, मॅनेजरला म्हणाले की मी जाते. तो म्हणाला, “दोनपर्यंत थांबायचं ठरलंय.” मी म्हणाले, “मी पाचाऐवजी आठ आणलेत, त्यात भागवा.” आणि जीपमध्ये मागे, दोन नणंदांच्या मध्ये जाऊन बसले. कुणी सरकून जागा दिली नाही. मीच करून घेतली.

आम्ही मेन रोडला गेलो. एका जुन्या दुकानात गादीवर दोन तास बसलो. दुकानदारानं छातीवर हात ठेवून रंगाची जबाबदारी घेतली. “हा शेवटचाच पीस आहे” असं सांगून त्यानं तसाच पीस मावशींना आणि शेजारणीला दोघींनाही दिला. मला ते दिसत होतं. पण मला बोलायला तोंड नव्हतं. सगळ्यांनी खरेदी केली, फक्त मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. जाऊबाई तिच्यावर ओरडल्या, “अगं, तुझ्यासाठी आलोय आपण! घागरा बघ की.”

“मी मागवलाय, मम्मी,” ती म्हणाली. “आठ दिवस झाले. ऑनलाइन.”

“मग आलीस कशाला?”

“तुम्ही म्हणालात चल म्हणून.”

मला एकदम हसू आलं. जाऊबाईंना आलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, जणू हेही मीच केलं.

साखरपुड्याच्या दिवशी मी सकाळीच गावी गेले. जाऊबाई स्वयंपाकघरात होत्या, “आलीस?” एवढंच म्हणाल्या. आतल्या खोलीत रडारड चालू होती. घागरा आदल्या संध्याकाळी आला होता. फोटोत डाळिंबी होता, प्रत्यक्षात विटेच्या रंगाचा. रंगाचं कुणी काही करू शकत नव्हतं, पण चोळी दोन्ही बाजूंनी चांगली चार बोटं सैल होती आणि घागरा कमरेवर ठरत नव्हता. पोरगी म्हणत होती, परत पाठवते. पाहुणे अकराला यायचे होते.

“उतरव,” मी म्हणाले. “आणि सुई-दोरा आण.”

दुकानात आमच्याकडे शिंपी नव्हता. बसत नाही म्हणून कपडा परत येऊ नये यासाठी आम्हीच टाचून द्यायचो. ते काम कुणी शिकवलं नव्हतं, गरजेनं आलं होतं. मी चोळीच्या आतल्या शिवणी उसवल्या, तिच्या अंगावर उलटी घालून टाचण्या लावल्या, मग बसून शिवलं. कमरेला आतून नाडी घातली. कापड इतकं हलकं होतं की सुई टोचली की बाजूचे धागे सरकायचे. असल्या चिंधीला लोक फोटो बघून भुलतात. मी पुटपुटत होते आणि शिवत होते.

मध्येच जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघत होत्या. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या आणि माझ्या गुडघ्याशी ठेवला.

“बसतंय का?”

“बसेल. जोरात नाचायचं नाही फक्त.”

“ती कुठली नाचतीय,” त्या म्हणाल्या. मग शेजारी बसल्या. “लय राग आला होता मला तुझा.”

“माहितीय, ताई.”

“अजून हाय थोडा.” आणि त्यांनी सुईत ओवायला दुसरा दोरा दातानं तोडून माझ्याकडे दिला.

मॉल दिवाळीच्या आत बंद झाला. पाहुण्यांनी तो घेतला, हे मला नंतर कळलं. त्यांना गर्दीशी काही देणंघेणंच नव्हतं. त्यांना जागा हवी होती आणि ती त्यांनी गर्दी जमण्याच्या कितीतरी आधी कागदावर बघून ठरवली होती. त्या दिवशी फक्त भिंती बघायला आले होते. एवढी माणसं नटूनथटून रद्दी घेऊन गोल फिरली ती कुणासाठी, तर साहेबांच्या समाधानासाठी. आता तिथं वरच्या मजल्यांवर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे क्लास चालतात. त्यांचाही बाहेर मोठा बोर्ड आहे आणि त्यावरची मुलंही हसतायत.

मी घरी बसले नाही. अंबडच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये लोकांनी परत पाठवलेले कपडे येतात, ते उघडून तपासायचं काम मला मिळालं. आम्ही पंधरा बायका लांब टेबलाला बसतो. होय, बसतो. पार्सल फोडायचं, कपडा झटकायचा, वास घ्यायचा, डाग बघायचा, आणि विकायच्या ढिगात टाकायचा की फेकायच्या. पूर्वी लोकांचं फक्त बाहेरचं रूप दिसायचं, आता काखेतलं दिसतं. हळद लागलेली नवी कोरी साडी येते, कारण लिहिलेलं असतं ‘रंग आवडला नाही’. एकदा घालून, घामेजून, फोटो काढून झालेला लग्नातला ड्रेस येतो, चिठ्ठी परत टाचलेली, तीही उलटी. एका ब्लाउजमधून मला देवळातला अंगारा बांधलेली पुडी सापडली. देवाला दाखवून आणलेला ब्लाउज बाईनं ‘साइज चुकला’ म्हणून परत केला होता. सुरुवातीला आम्ही हसायचो, आता कुणी मान वर करत नाही.

मॉलमध्ये यायचे ते लोक बाही चिमटीत धरून बघायचे आणि सोडून जायचे, याचा मला किती राग यायचा. त्यात निदान लपवाछपवी नव्हती.

मी स्वतः आता फोनवरूनच मागवते. मेन रोडला जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि माझ्यात ती उमेद राहिलेली नाही. मागच्या महिन्यात चपला मागवल्या, एक नंबर मोठ्या आल्या. परत पाठव, फुकट आहे, हे म्हणाले. मी नाही पाठवल्या. टाचेला कापूस लावून वापरतेय, चालताना फटफट वाजतात. हे रोज सकाळी विचारतात, “अजून त्याच?” आणि मी “हो” म्हणून बस पकडायला जाते.